रुईशी लागलेलं लग्न

आईनं चप्पल सोडली ती माझ्या लग्नापायी. पोखर्णीच्या नृसिंहापुढं उभी राहून, मागच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, सून घरात येईपर्यंत मी पायात काही घालणार नाही. मी शेजारीच उभा होतो, हातात नारळ घेऊन. सांगितलं देवाला होतं, पण ऐकायचं मी होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बाहेर आल्यावर तिनं चपलांकडे बघितलंसुद्धा नाही. तशीच चालत एसटीच्या थांब्यापर्यंत गेली आणि मी तिच्या चपला पिशवीत घालून मागोमाग गेलो.

नवसाला काहीतरी सोडायची आमच्याकडे रीत आहे. कुणी भात सोडतं, कुणी गोड सोडतं. भात सोडला तर फार तर घरच्यांना कळतं. आईनं चप्पल सोडली, त्यामुळे ते अख्ख्या मानवतला कळलं. बाजारात, बँकेत, कापसाच्या गाड्या लागलेल्या रस्त्यावर ती अनवाणी दिसायची आणि विचारणाऱ्याला शांतपणे कारण सांगायची. विचारणारा मग माझ्याकडे बघायचा. शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचं म्हणून झालं, की सर, आता तरी माउलीच्या पायांकडं बघा. या देशात माणसाच्या लग्नाची काळजी करायला कुणाला सवड नाही असं होत नाही.

मी इथल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. वडीलही मास्तर होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. बहीण जिंतूरला दिली आहे. घरात आई आणि मी. मला पुरुष आवडतात हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत आहे. वर्गातली पोरं ज्या वयात पोरींच्या बाकांकडे चोरून बघायची, त्या वयात मी पोरांच्या बाकांकडे चोरून बघायचो, इतकं ते साधं होतं. साधं नव्हतं ते पुढचं. बी.एड.ला असताना एक जण जिवाभावाचा झाला. त्याचंही माझ्यासारखंच होतं. वर्षभर आम्ही एका खोलीत राहिलो आणि त्या खोलीइतका सुखी मी पुन्हा कुठं झालो नाही. मग त्यानं घरच्यांचं ऐकून लग्न केलं. त्याच्या लग्नात मी कंबर बांधून पंगतीत बुंदी वाढली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

माझ्यासाठी मुली बघणं मात्र चालूच होतं. मी जायचो, पोहे खायचो आणि घरी येऊन काहीतरी खोट काढायचो. उंची, शिक्षण, गाव लांब, कधी नुसतंच मनाला आलं नाही. एकदा आईनं चिडून विचारलं, की तुझ्या मनाला येतं तरी काय. मी म्हणालो, बघू. या एका शब्दावर मी पस्तिशी ओलांडली.

पुरुषाचं पुरुषावर प्रेम हा कायद्यानं आता गुन्हा राहिला नाही अशी बातमी पेपरात आली, त्या दिवशी स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. बाकीचे पोट धरून हसले. मी मान खाली घालून वह्या तपासत होतो. घरी आलो तर आईनं त्याच पेपरावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. ती बातमी मला नीट वाचायची होती, पण मिरच्या उचलायला कारण काय सांगणार? दिल्लीत काय ठरलं ते ठरलं, आमच्या अंगणात ते मिरच्यांखाली होतं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी एकदा येलदरीच्या धरणावर गेलो. सहलीला नव्हे. परत न येण्याच्या विचारानं गेलो होतो, हे आता मला स्पष्ट म्हणता येतं, तेव्हा स्वतःशीही म्हटलं नव्हतं. पाण्याच्या कडेला बसलो होतो. जाळं सुकवत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हाक मारली आणि पाव्हणं कुन्या गावचे, असं विचारलं. सांगावं लागलं. मग कुणाचे, काय करता, मानवतला अमुक माणूस आहे का अजून, असं सुरू झालं. आमच्या भागात परक्या माणसाला गाव विचारल्याशिवाय सोडत नाहीत, आणि मास्तर म्हटलं की मग तर सोडतच नाहीत. त्याचा नातू गणितात कच्चा होता. त्याला काय करावं हे मी सांगत राहिलो, तोवर जिंतूरची गाडी आली आणि त्यानंच मला तिच्यात बसवून दिलं. जे करायला निघालो होतो त्याची भीती मला तेव्हा वाटली, आणि मदत घ्यायची हे मी तिथंच ठरवलं.

पहिल्यांदा गेलो ते लांबच्या मोठ्या शहरात, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, लग्न करून टाका, हळूहळू सवय होते. सवय तंबाखूची होते. माणसाची कशी होईल, आणि त्या बिचारीला माझी का म्हणून व्हावी, हे मी विचारणार होतो, पण बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. पुन्हा त्यांच्याकडे गेलो नाही.

मग एक बाई परभणीतच निघाली. वसमत रोडला एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती. समुपदेशक, अशी पाटी. खाली दातांची पाटी मोठी असल्यामुळे जिन्यात कुणी भेटलं तर दाढ दुखतेय म्हणता यायचं, ही मोठीच सोय. बाई माझ्याच वयाची, आवाज बारीक, बोलण्यात घाई नाही. पहिल्याच दिवशी तिनं दोन गोष्टी सांगून टाकल्या. एक, हा आजार नाही, तेव्हा मी तुम्हाला बरं करणार नाही. दोन, इथलं इथंच राहील. मग तिनं मला सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. इतकं सरळ मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मी येलदरीचं सांगितलं. ती दचकली नाही, उपदेशही केला नाही. पुन्हा तसं वाटलं तर आधी कुणाला फोन करायचा, एवढं तिनं माझ्याकडून ठरवून घेतलं आणि ते माझ्याच तोंडून दोनदा वदवून घेतलं. आम्ही मास्तर लोक पोरांकडून पाढे वदवतो तसं.

महिन्यातून दोनदा मी जायला लागलो. मला वाटलं होतं, की ती मला धीट हो, घरी सांगून टाक, असं म्हणेल. इंटरनेटवर सगळे तेच म्हणत होते. ती उलट विचारायची, की सर, सांगितलं आणि आईनं घराबाहेर काढलं तर त्या रात्री कुठं झोपाल? घर कुणाच्या नावावर आहे? नोकरीवर कुणी बोट ठेवू शकतं का? बहीण कोणत्या बाजूला उभी राहील? मला आधी राग आला. मनाचं बोलायला आलो होतो आणि ही बाई तलाठ्यासारखं विचारते आहे. नंतर कळलं, की पायाखाली जमीन आहे की नाही हे बघितल्याशिवाय ती कुणाला उडी मारायला सांगत नव्हती. एकदा ती म्हणाली, लग्नाला नाही म्हणणं आणि आपलं खरं सांगणं, ही दोन वेगळी कामं आहेत. एका दिवसात दोन्ही करायला पाहिजेत असं नाही. दुसरं कधीच केलं नाही तरी तुम्ही खोटारडे ठरत नाही. त्या दिवशी मी जिन्यावरून खाली आलो तेव्हा इतका हलका होतो, की दातांच्या डॉक्टरच्या कंपाउंडरला उगीच नमस्कार केला.

इकडे आईचे पाय बिघडले. तिला साखर होती, ती आम्हाला माहीत होती. पण साखरेनं पाय बधिर होतात हे माहीत नव्हतं. तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता आणि तिला पत्ताच नव्हता. मी फरशीवरचा डाग बघून पाय उलटा केला, तेव्हा जखम दिसली. डॉक्टरांनी सांगितलं, की या बाईंनी एक पाऊलही चपलेशिवाय टाकायचं नाही, नाहीतर पाय काढावा लागेल. आईनं सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांना हो म्हणाली आणि दवाखान्याच्या पायऱ्या अनवाणी उतरली. रिक्षात मला म्हणाली, "तुला माझ्या पायाची फिकीर असती तर सून आणली असती."

त्या वाक्यानंतर मी दोन रात्री झोपलो नाही. मुलगी बघायला हो म्हणालो. पाथरीकडची मुलगी होती, शिकलेली, अंगणवाडीत काम करणारी. तिनं मला विचारलं, की सर, तुम्हाला खरंच करायचंय ना? मी हो म्हणालो. आईचा पाय तुटणार नाही एवढंच माझ्या डोळ्यांपुढं होतं, आणि समोर एक जिवंत माणूस बसलं आहे, याचा मी त्या दिवशी विचार केला नाही.

मग मामा मध्ये पडला. आईचा धाकटा भाऊ, शेती सेलूकडे, आणि पत्रिका बघायचा छंद. त्यानं माझी पत्रिका मांडून शोध लावला, की इतकी वर्षं लग्न जमलं नाही ते उगाच नाही, याच्या पहिल्या बायकोला धोका आहे. तेव्हा आधी रुईशी लग्न लावायचं. म्हणजे पहिली बायको रुई, जे काय व्हायचं ते रुईचं होईल, आणि पाथरीची पोर सुखानं नांदेल. आमच्याकडे हे नवीन नाही. बिजवरांची, पत्रिकेत दोष असणाऱ्यांची लग्नं रुईशी लागतात आणि लोक जेवून घरी जातात. मुलीकडच्यांनीही मान डोलावली. रुई झाली की सुपारी फोडायची असं ठरलं.

मला मात्र त्यात दुसरीच वाट दिसली. गणिताचा मास्तर शेवटी पळवाटच शोधणार. नवस होता सून घरात येईपर्यंतचा. रुई ही विधिवत बायको. तिचं रोप कुंडीत घालून घरी आणलं, की सून आली. नवस फिटला, चप्पल पायात, पाय वाचला आणि पाथरीला नकार कळवायचा. हे मी समुपदेशक बाईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "आणि तुम्हाला काय वाटेल, सर, तिथं उभं राहिल्यावर?" मला काय वाटायचंय, मी म्हणालो, झाड आहे.

एका रविवारी सकाळी मानवतच्या बाहेर, रस्त्यापासून थोडं आत, बांधावरच्या रुईपाशी आम्ही जमलो. मामा, भटजी, बहीण, मेहुणे आणि आई. पायाला पट्टी, पट्टीवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, आणि चप्पल अर्थातच नाही. रुईला हळदकुंकू लावलं, सूत गुंडाळलं, बहिणीनं तिच्या फांदीला मंगळसूत्र अडकवलं. मला मुंडावळ्या बांधल्या. बहीण हसू दाबत होती आणि मीही तिच्याकडे बघून हसलो. मामा आणि मेहुण्यांनी अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली.

अंतरपाटाच्या अलीकडे मी हात जोडून उभा होतो. डोळ्यांपुढं नुसतं पांढरं कापड. कानावर ते सूर, जे मी शेकडो लग्नांत मांडवाच्या कडेला उभा राहून ऐकले होते, आज ते माझ्यासाठी होते. बहीण मागून अक्षता टाकत होती. आणि मला एकदम त्याची आठवण आली. बी.एड.च्या खोलीतला तो. कापडाच्या पलीकडे तो उभा आहे असं मला वाटलं नाही, मी तेवढा भाबडा नाही. पण पलीकडे कुणीतरी असावं असं वाटलं, माझं कुणीतरी, आणि हेही कळलं, की माझं लग्न जे काही लागायचं ते हे लागतंय. याच्यानंतर नाही. शुभमंगल सावधान झालं, कापड खाली आलं, समोर रुई. पानांवर अक्षता अडकल्या होत्या. मी रडायला लागलो. हुंदके देऊन, तोंड झाकायचंही सुचलं नाही.

मेहुणे गोंधळले. भटजी थांबले. मामानं माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, की पोराला बापाची आठवण झाली. सगळ्यांना ते पटलं. आई माझ्याकडे बघत होती, मी तापानं फणफणलेला असताना लहानपणी बघायची तसं.

मी रुईचं एक छोटं रोप मुळासकट काढून आणलं आणि तुळशीशेजारी कुंडीत लावलं. आईला म्हणालो, झाली सून घरात, आता चप्पल घाल. ती म्हणाली, "देवाची चेष्टा करायलास का माझी?" आणि आत गेली. माझं सगळं गणित तिथंच चुकलं. पाय तसाच, जखम तशीच आणि सुपारी पुढच्या आठवड्यात.

परभणीला गेलो. बाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिथं कशासाठी रडलात ते मला सांगू नका, त्या खुर्चीला सांगा. तिथं आई बसली आहे असं समजा. मला हे नाटक वाटलं, पण बोलायला गेलो तर तोंडातून शब्दच फुटेना. माझ्याकडे माझ्यासाठी शब्दच नव्हता. समलिंगी हा पेपरातला शब्द, आईनं तो कधी ऐकला नसेल. आणि तिच्या ओळखीचे जे शब्द होते त्या सगळ्या शिव्या होत्या. बाई म्हणाली, शब्द नको, नुसतं काय आहे ते सांगा, तिच्या बोलीत. मी खुर्चीला कितीतरी वेळा सांगितलं. खुर्ची गप्प होती, पण शेवटी माझ्या तोंडी एक साधं वाक्य बसलं. आधी मी बहिणीला फोन केला आणि हे काय ते न सांगता एवढंच विचारलं, की माझं आईशी बिनसलं तर तुझ्याकडे येऊ का. ती म्हणाली, हे काय विचारणं झालं?

आईच्या पायाची पट्टी मी रोज दुपारी शाळा सुटल्यावर बदलायचो. त्या दिवशीही तिचा पाय माझ्या मांडीवर होता. जखम धुतली, मलम लावलं आणि पट्टी गुंडाळता गुंडाळता तिच्याकडे न बघता सांगितलं.

"आई, मला बायकोच नको हाय. मला बाईमानसाची ओढ न्हाई. गड्यांची हाय. ल्हानपनापासून."

ती म्हणाली, "हे तुला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई. माझं मला म्हाईत हाय."

"डाक्टरला दाखवू."

"दाखवलं. हे दुखनं न्हाई म्हनले."

पट्टी अर्धीच झाली होती. मग तिनं विचारलं, "रुईपाशी ह्याच्यापायी रडलास?" मी हो म्हणालो. येलदरीचंही सांगितलं, कारण एवढं सांगितल्यावर ते लपवायला माझ्यात बळ उरलं नव्हतं. तिनं पाय माझ्या मांडीवरून काढून घेतला आणि पट्टी लोंबत असताना आतल्या खोलीत गेली.

चारआठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक करायची, ताट वाढायची आणि उठून जायची. पट्टी स्वतःच बांधायची आणि ती वेडीवाकडी बांधली आहे हे मला दिसत होतं. मला तिचा राग यायचा, दयाही यायची आणि भीती तर चोवीस तास. पाथरीला मी स्वतः फोन केला. मुलीच्या वडिलांना सांगितलं, की तुमच्या लेकीत काही कमी नाही, मलाच लग्न करायचं नाही, आणि मी आधीच सांगायला पाहिजे होतं. ते जे बोलले ते त्यांनी बोलायलाच हवं होतं, मी ऐकून घेतलं. त्या पोरीची माफी मागायची राहिलीच.

मामा दुसऱ्याच दिवशी तणतणत आला. रुईवर मेहनत घेतली, लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, वगैरे. त्याचा सगळा राग बाहेर पडेपर्यंत मी भिंतीला टेकून उभा होतो. आता आई सांगणार, असं मला वाटलं. आई पाटावर बसून शेंगा सोलत होती. तिनं वर बघितलं नाही. "सुपारी फोडायची न्हाई," ती म्हणाली. मामा म्हणाला, पण का, अक्का? ती म्हणाली, "मी म्हनते म्हनून." मामा चहा न पिता गेला. आमच्या घरातून तो चहा न पिता गेल्याचं मला दुसरं आठवत नाही.

त्याच दुपारी तिनं माझ्यापुढं पाय लांब केला आणि पट्टी बांध म्हणाली. जखम चिघळली होती. पुढं करंगळी काढावी लागली, पण पाय राहिला. पट्टी बांधून झाल्यावर तिनं विचारलं, की तू परभणीला कुणाकडं जातोस. मी सांगायचो ते दाढेचं कारण तिला खरं वाटलं नव्हतं, एवढी दाढ कुणाची दुखत नाही. मी सांगितलं. ती म्हणाली, मला घेऊन चल. मला कळलं, की हिला वाटतंय ती बाई मला बरं करेल. ती करत नाही, हे मी सांगितलं नाही. तिच्या तोंडून ऐकू दे म्हटलं.

दवाखान्यातून सुटल्यावर मी तिला धरून धरून तो जिना चढवला. ती एकटी आत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. इतके महिने मी आत असायचो, बाहेर कुणी नसायचं. आतून फक्त आवाजाचा चढउतार येत होता. एकदा आई रडल्याचं ऐकू आलं. उठून दार ढकलावंसं वाटलं, पण मी बसून राहिलो. माझ्यासाठी बाहेर थांबायची पाळी आयुष्यभर तिची होती, आज माझी होती.

घरी येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. परभणी मागं पडल्यावर म्हणाली, "त्या बाईला म्हनलं, माझं लेकरू नीट कर. ती म्हनली, त्याला काई झालेलं न्हाई. मंग मी म्हनलं, मला तर झालंय, माझं तर बघ." मी विचारलं, मग काय म्हणाली. पुढच्या मंगळवारी या, असं ती म्हणाल्याचं आईनं सांगितलं. आणि ती गेली. नंतर कितीतरी मंगळवार गेली. दोघींचं काय बोलणं व्हायचं ते मला माहीत नाही. इथलं इथंच राहतं, हे ती मला ठसक्यात सांगायची. सगळं तिला पटलं असं मी म्हणणार नाही. टीव्हीवर लग्न लागलं की ती अजून उठून आत जाते. कधीकधी माझ्याकडे बघते आणि डोळे पुसते, आणि मी विचारत नाही. तिनं मनात माझा एक संसार मांडला होता, तो मोडला. त्याचं दुःख तिला व्हायचंच, आणि ते माझ्यावरचं प्रेम कमी झाल्यामुळे होतं असं नाही, एवढं मला त्या खोलीनं शिकवलं.

जखम भरत आली, तरी ती चप्पल घालेना. देवाला दिलेला शब्द आहे, म्हणाली, परस्पर कसा मोडू. तेव्हा एका दिवशी आम्ही पोखर्णीला गेलो. भर दुपार होती, ऊन रणरणत होतं, तरी रांग होतीच. आई देवापुढं उभी राहिली. तिला मनातल्या मनात प्रार्थना येत नाही, जे बोलायचं ते ती मोठ्यानंच बोलते. मागं बायका होत्या. आता ही काय बोलणार, आणि कितीजणींना कळणार?

"सून मागितली व्हती," आई म्हणाली. "ते मागनं मी माघारी घेते. पोरगं जगू दे."

मागच्या बाईनं तिला हलकंच पुढं सरकवलं. आई सरकली.

बाहेर आलो. तिच्यासाठी नवी चप्पल मी मानवतहून आणली होती. पण करंगळी गेलेला, पट्टीनं जाड झालेला पाय तिच्यात जाईना. खाली फरशी तव्यासारखी तापलेली. मी माझ्या चपला काढून तिच्यापुढं ठेवल्या. तिला त्या मोठ्या झाल्या, तरी तिनं घातल्या आणि माझ्या दंडाला धरून फरफटत चालायला लागली. फरशी संपली, डांबरी रस्ता आला. मी पावलं भराभर उचलत होतो. तिनं माझ्या पायांकडे बघितलं.

"भाजायलेत का?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

"आता तरी माझ्याशी खोटं बोलू नको."

"भाजायलेत," मी म्हणालो.